बुध, रवि : पानी ना

गॅलरीच्या दाराला लावायला मी माघ महिन्यात कुलूप विकत आणलं. दुकानदारानं विचारलं, "शटरचं की पेटीचं?" मी म्हटलं, "दाराचं. आतल्या दाराचं." त्यानं माझ्याकडे जरा निरखून पाहिलं आणि एक मधल्या आकाराचं पितळी कुलूप काढून दिलं. दोन किल्ल्या होत्या. दोन्ही मी पर्समध्ये ठेवल्या.

त्या गॅलरीत नवऱ्याचं जुनिपर होतं. ताटासारख्या पसरट निळ्या कुंडीत वाढलेलं, हातभर उंचीचं बोन्साय. ते नेमकं किती वर्षांचं, हे आम्हाला कधीच कळलं नाही. नवऱ्याच्या एका सहकाऱ्यानं बदली झाल्यावर ते त्याच्या हवाली केलं, तेव्हाच ते म्हातारं होतं. आमच्याकडे त्याची बावीस वर्षं झाली. खोडाची एक बाजू सालीविना उघडी, हाडासारखी पांढरी. दुसऱ्या बाजूनं दोन बोटं रुंदीची जिवंत सालीची पट्टी पिळा घेत वर गेलेली. त्या पट्टीवरच वरचा सगळा हिरवा पसारा जगतो, असं तो सांगायचा.

नंदुरबारच्या हवेत हे झाड टिकू नये. त्यानं ते टिकवलं होतं. गॅलरी उत्तरेची. उन्हाळ्यात तो कठड्याला गोणपाट बांधायचा आणि दिवसातून दोनदा त्यावर पाणी मारायचा. शाळेतून आला की चपला काढायच्या आधी गॅलरीत. अगरबत्तीची जळून उरलेली काडी मातीत खुपसायची, मिनिटभरानं उपसायची आणि वरच्या ओठाला लावायची. ओठाला गार लागली तर पाणी नाही. मी हे वर्षानुवर्षं स्वयंपाकघराच्या खिडकीतून पाहत आले होते आणि एकदाही त्याच्या शेजारी जाऊन उभी राहिले नव्हते.

आश्विनात तो गेला. चौदा दिवस दवाखान्यात होता.

तेराव्याला गावाकडची माणसं आली होती. एक चुलत सासूबाई गॅलरीत डोकावल्या आणि तिथूनच मोठ्यानं म्हणाल्या, "झाडले तार बांधीसन वाढू दिधं नही, मंग घर कसं वाढी?" आम्हाला मूल नाही. हे वाक्य मी पहिल्यांदा ऐकत नव्हते, पण आतापर्यंत ते ऐकताना तो शेजारी असायचा.

त्याच दिवशी संध्याकाळी धाकटे दीर माझ्याजवळ येऊन बसले. ते म्हसावदजवळच्या आमच्या गावी शेती करतात, पपई आणि केळी. गॅलरीकडे एकदा पाहिलं. मग म्हणाले, "वहिनी, हाई झाड मी गावले लई जाऊ का? आठे तुम्ही एकल्या."

मी म्हटलं, "नको, भाऊजी. मी करीन."

"तसं नही. जपावानं झाड शे, म्हनीसन बोलनू."

"मी करीन."

ते उठले. पण ते वाक्य माझ्या डोक्यात बसलं. माणूस जाऊन तेराच दिवस झाले आणि यांना झाड हवं? की त्या सासूबाईंचं ऐकून ते घरातून घालवायचं होतं? दोन्हीपैकी काहीही असलं तरी मला ते आवडलं नाही.

मी महाविद्यालयाच्या ग्रंथालयात सत्तावीस वर्षं काढली. एखादी गोष्ट येत नसेल तर तिचं पुस्तक शोधायचं, एवढंच मला येतं. झाडाचंही पुस्तक सापडलं. नवऱ्याच्या टेबलाच्या खणात शंभर पानी वही होती. वरच्या पानावर सुवाच्य अक्षरात 'जुनिपर'. आत कधी तार बांधली, कधी सोडली, कुंडी कधी बदलली, शेंडे कात्रीनं न कापता चिमटीनं कसे खुडायचे, सगळं होतं. एका पानावर चौकटी आखून उन्हाळा, पावसाळा, हिवाळा असं लिहिलेलं. हिवाळ्याच्या चौकटीत एकच ओळ होती.

बुध, रवि : पानी ना.

तो शाळेत मराठी शिकवायचा. व्याकरण तर असं शिकवायचा की त्याचे जुने विद्यार्थी बाजारात भेटले तरी बोलण्याआधी वाक्य मनात जुळवून घ्यायचे. वर्गात कोणी अहिराणीतलं 'शे' म्हटलं की फळ्यावर 'आहे' लिहायचा. माझ्याशी, मी साताऱ्याकडची, तो कायम पुस्तकातली मराठी बोलायचा. अशा माणसानं 'पाणी'तला ण चुकवावा, याचं मला वाईट वाटलं. आजारात हात थरथरत असणार. 'नाही'सुद्धा पूर्ण लिहिता आलं नव्हतं. मी पेन्सिल घेतली आणि त्याच्या शाईतल्या 'न'वर हलक्या हातानं रेषा जोडून त्याचा ण केला. ग्रंथालयात कोणी पुस्तकात पेन्सिल लावली तर मी त्याला बाहेर काढत असे. पण आमच्या संसारात चुका दुरुस्त करणारा माणूस आता नव्हता, आणि एवढी एक मला करावीशी वाटली.

त्या दिवसापासून मी वहीप्रमाणे चालले. बुधवार आणि रविवार सोडून रोज सकाळी सातला एक झारी पाणी. एकदाही चुकले नाही.

पौषात झाड बिघडू लागलं. म्हणजे दिसायला हिरवंच होतं. पण आतल्या बाजूची पानं पिवळी पडून झडायला लागली. मातीवर चिलटं घोंगावू लागली. हिरव्याचा रंगही बदलला होता. कसा ते सांगता येत नव्हतं, भिंतीवरून चित्र काढून पुन्हा लावल्यावर ते किंचित वाकडं वाटतं तसं. त्याच्या वहीतच लाल शाईनं लिहिलेलं होतं : 'जुनिपर मेल्यानंतरही दोन-तीन महिने हिरवे राहू शकते. रंगावर विश्वास ठेवू नये.' हे वाचल्यापासून मला सकाळी गॅलरीत जायची भीती वाटू लागली. समोरचं झाड जिवंत आहे की केव्हाच मेलंय, हे मला कोणी सांगू शकत नव्हतं.

एका बुधवारी मी मातीत बोट घातलं. पाण्याचा दिवस नव्हता, पण माती ओली होती. चिकट ओली. रविवारी पुन्हा पाहिलं, तीच गत.

मी खुर्चीत बसून विचार केला. ज्या दोन दिवशी मी पाणी देत नाही, नेमक्या त्याच दोन दिवशी माती ओली. म्हणजे कोणीतरी देत होतं. बुधवारी कामाच्या बाई गॅलरी पुसायच्या. आणि रविवारी दीर यायचे.

दर रविवारी ते यायचे, हे आधीपासूनचं होतं. मोटरसायकलवर पपई नाहीतर केळ्यांचा फणा बांधून सकाळी नऊला हजर. मी समजत होते, बाजारासाठी येतात. तो असताना दोघं भाऊ गॅलरीत तास-तास बसत, आणि आतून मला फक्त अहिराणीची लय ऐकू यायची, शब्द नाही. आता भाऊ नव्हता तरी ते गॅलरीत जात, माझ्याकडे पाठ करून झाडासमोर उभे राहत. एकदा मी पडद्याआडून पाहिलं, तर त्यांचं बोट मातीत होतं. माझी चाहूल लागताच त्यांनी हात मागे घेतला आणि पँटला पुसला.

मग मी पाळत ठेवायला लागले. आज लिहिताना लाज वाटते, पण तेव्हा ते मला शहाणपणाचं वाटत होतं. झारी भरून ठेवून पाण्याच्या पातळीवर पेनानं खूण केली. दाराच्या कडीला दोरा बांधला. स्टँडभोवती फरशीवर रांगोळीचा पातळ थर पसरला.

बुधवारी बाई आतून ओरडल्या, "मॅडम, मुंग्या झाल्या का? केवढी पावडर टाकली!" आणि मी पोचेपर्यंत पोचा फिरवून मोकळ्या झाल्या होत्या.

"तुम्ही झाडाला पाणी घालता का?" मी विचारलं.

बाई धडगावकडच्या. आमच्याकडे सात वर्षं होत्या. पोचा बादलीत टाकून त्या सरळ उभ्या राहिल्या. "मी त्याला हात लावत नाही. सरांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं."

"चुकून कधी?"

"सात वर्षांत नाही लावला, मॅडम."

रविवारी पुन्हा पसरलेल्या रांगोळीत दिरांच्या पायाचा पंजा उमटला. अंगठ्यासकट. झारीतलं पाणी मात्र खुणेवरच होतं. मी त्याचंही उत्तर शोधलं : स्वयंपाकघरातून पेल्यानं आणत असतील. ज्याला संशय घ्यायचाच आहे त्याला पेला सापडतोच.

दुसऱ्या दिवशी मी कुलूप आणलं.

बुधवारी बाईंनी कुलूप पाहिलं, हातातली बादली खाली ठेवली. "चावी द्या, पुसून घेते."

"राहू द्या. गॅलरी मी पुसेन यापुढे."

त्यांनी बादली पुन्हा उचलली. "माझ्याकडून काही गेलं का, मॅडम?"

मी "नाही" म्हटलं. पण किल्ली दिली नाही, आणि त्यांनीही ते पाहिलं.

रविवारी दीर आले, टेबलावर पपई ठेवली आणि सवयीनं गॅलरीकडे वळले. कडीला हात घातला आणि थबकले.

"वहिनी, हाई कुलूप कसाले?"

मला खोटं पटकन सुचत नाही. "माकडं येतात," मी म्हटलं.

"माकडं? नंदुरबारमा?" ते हसले. "मले धरीसन एकच माकड येस आठे, ऐतवारना ऐतवार."

मी हसले नाही. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग कुलुपाकडे पाहिलं, आणि त्यांचं हसू हळूहळू उतरलं. "बरं," म्हणाले. चहा घेतला नाही. खाली मोटरसायकल सुरू झाल्याचा आवाज आला. त्यानंतरचे दोन रविवार ते आले नाहीत. मी मनाशी म्हटलं, बघा, झाडापर्यंत हात पोचत नाही तर यायचं कारणही उरलं नाही. मला जिंकल्यासारखं वाटत होतं, आणि घर इतकं गप्प होतं की फ्रिज सुरू झाला तरी दचकायला व्हायचं.

फाल्गुन लागला. शहराबाहेर पथारींवर, मोकळ्या मैदानांत, मिरची वाळत घातलेली. वारा फिरला की घरात ठसका यायचा, म्हणून मी खिडक्या लावून घेतल्या. बाई होळीसाठी डोंगरात गावी गेल्या, आठ दिवसांसाठी. दीर येत नव्हते. गॅलरीला कुलूप होतं आणि दोन्ही किल्ल्या माझ्याजवळ होत्या.

त्या आठवड्यातल्या बुधवारी मी कुलूप काढलं आणि मातीत बोट घातलं.

ओली होती.

मी बोट बाहेर काढून पाहत राहिले. काळा चिखल नखात भरला होता आणि त्याला गटारासारखा वास होता. घरात माझ्याशिवाय कोणी आलं नव्हतं. मी वर छताकडे पाहिलं, कुठून पाणी गळतंय का म्हणून. तेवढाच एक आरोपी उरला होता. छत कोरडं होतं.

मी आत आले आणि दिरांना फोन लावला. काय बोलायचं ते ठरवलं नव्हतं. त्यांनी उचलला तेव्हा मी एवढंच म्हणाले, "भाऊजी, झाडाचं काही खरं दिसत नाही."

पलीकडे पाण्याच्या मोटरीचा आवाज येत होता. "येस मी," ते म्हणाले. दीड तासात आले. पपई आणली नव्हती.

उघड्या कुलुपाबद्दल त्यांनी काही विचारलं नाही. स्टँडजवळ उकिडवे बसले, खोडाच्या तळाशी नाक नेलं आणि मान हलवली. "सडी ऱ्हायनं. पपईना बुंधाशी पानी साचनं का असाच वास येस." मग माझ्याकडे न पाहता विचारलं, "पानी कितलं देतस तुम्ही?"

"वहीत आहे तेवढंच. त्यांनी लिहून ठेवलंय." मी वही आणली, पान उघडलं, पुरावा दाखवावा तशी त्यांच्यापुढे धरली.

त्यांनी चष्मा लावला. बोट ओळीवर ठेवून मोठ्यानं वाचलं. "हिवाळा. बुध, रवि, पानीना."

"हो. त्या दोन दिवशी द्यायचं नाही. बाकी पाच दिवस मी देते."

"कोन म्हने द्यावानं नही?"

"लिहिलंय ना, पाणी ना म्हणून."

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "पानी ना नही, वहिनी. पानीना. पानीना दिन! बुधवार आनि ऐतवार, हाई पानीना दिन शेत."

त्यांनी दुसऱ्यांदा म्हटलं तेव्हा मला ऐकू आलं. कागदावर नुसतं दिसलं होतं. पानीना. पाण्याचा, पाण्याचे. ऐतवारना ऐतवार. तीस वर्षं हा 'ना' माझ्या कानांवरून गेला होता; भाजीवाल्याकडून, रिक्षावाल्याकडून, याच दिरांकडून. आठवड्यातले जे दोन दिवस पाण्याचे, ते मी कोरडे ठेवले होते, आणि उरलेले पाच दिवस त्याला बुडवलं होतं.

"तीस वरीस खान्देशमा काढात तुम्ही," ते हसत म्हणाले, आणि मग त्यांचं बोट त्या अक्षरावर थांबलं. "हाऊ ण कोनी काढा?"

"मी. मला वाटलं, चुकलंय."

"भाऊनं?" त्यांचा आवाज एकदम बारीक झाला. "भाऊ शाळामा पाणी म्हने. आठे मन्हासंगे बसना का पानीच म्हने. आईनी शिकाडेल शब्द शे तो."

मी वहीची पुढची पानं चाळली. शेवटच्या दोन-तीन वर्षांच्या नोंदींमध्ये मधूनच अशा ओळी होत्या. 'आज शेंडा चांगला शे.' 'मन्हा झाडले ऊन लागनं.' मी हिवाळ्याच्या चौकटीच्या पुढे गेलेच नव्हते. मला नियम हवा होता, तो मिळाला होता. वर्गातल्या पोरांचा 'शे' पुसणारा माणूस या वहीत स्वतःचा 'शे' लिहून ठेवत होता, आणि मला तो आजारी माणसाचा थरथरता हात वाटला होता.

"तुम्हाला दर रविवारी कळत होतं ना, माती ओली आहे म्हणून?" मी विचारलं. "मग बोलला का नाहीत?"

ते उठून कठड्यापाशी गेले. "ऐतवारनं पानी आम्ही दोन्ही भाऊ संगे देऊत. म्हनीसन त मी येस. भाऊ गया, तरी येस. येस, बोट घालस, त माटी ओली. मले वाटनं, तुम्ही शनवारले मुद्दाम पानी दी टाकतस, मन्हा हात लागाले नको म्हनीसन." दाराच्या कडीकडे बघत म्हणाले, "मंग कुलूप दखं."

माझ्या पडद्याआडून मी त्यांच्याकडे पाहत होते, आणि तेवढाच वेळ ते ओल्या मातीतून माझ्याकडे पाहत होते.

त्या दुपारी आम्ही झाड कुंडीतून काढलं. मुळं खालून काळी, बोटानं दाबली की साल निसटून यायची. त्यांनी नवऱ्याच्या छोट्या कात्रीनं एकेक सडकं मूळ कापलं. मी विटा खलबत्त्यात कुटल्या आणि पिठाच्या चाळणीनं चाळून बारीक भुकटी फेकून दिली. जाड तुकडे आणि तापीची भरड वाळू एकत्र केली. चांगली मुळं ओंजळभरसुद्धा उरली नाहीत. लावून झाल्यावर दिरांनी नखानं साल किंचित खरवडली. जिवंत पट्टीच्या डाव्या काठाला आत तपकिरी लागलं. उजव्या काठाला, अगदी बारीक, हिरवं.

"जित्तं शे का?" मी विचारलं. त्यांच्या भाषेत कधी नव्हे ते विचारलं गेलं.

"आते काय सांगू? दखू."

बाई होळीहून परत आल्या तेव्हा मी एक किल्ली त्यांच्या हातात दिली. "माझी चूक झाली," म्हटलं. त्यांनी किल्ली पाहिली आणि परत माझ्या हातात ठेवली. "कुलूपच काढा ना, मॅडम." मी ते काढलं. पण अजूनही त्या गॅलरी पुसताना स्टँडपासून हातभर लांबूनच पुसतात, आणि मला ते दर बुधवारी दिसतं.

चैत्रात डाव्या बाजूची मोठी फांदी तांबूस होऊन गेली. उजवीकडची अजून हिरवी आहे. मी तिच्या रंगावर विश्वास ठेवत नाही. रोज सकाळी एक शेंडा दोन बोटांत धरून तो मऊ आहे की ठिसूळ ते बघते. कठड्याला गोणपाट बांधलंय. उन्हाळ्याच्या चौकटीत 'रोज' असं लिहिलेलं आहे, पण कापलेल्या मुळांना आता तेही लागू नाही. तेव्हा काडीला विचारायचं आणि मग द्यायचं. वहीतला माझा ण मी खोडरबरानं खोडलाय. शाई तशीच आहे.

काल रविवार होता. नऊ वाजून गेले, साडेनऊ झाले. मी झारी भरून ठेवली होती आणि मनात म्हणत होते, येणार नाहीत. तोंडावर बरं बोलले, त्यांच्या मनातलं कुलूप गेलेलं नसणार. पावणेदहाला जिन्यात पावलं वाजली.

"टायर पंक्चर," ते म्हणाले, आणि पपई माझ्या हातात देऊन थेट गॅलरीत गेले.

या वेळी मी खिडकीशी थांबले नाही. त्यांनी अगरबत्तीची काडी मातीत खुपसली. आम्ही दोघं मिनिटभर शेजारी उभे राहिलो. मग त्यांनी ती उपसून वरच्या ओठाला लावली, त्याच्यासारखीच, डोळे जरा बारीक करून.

"कोरडी शे का?" मी विचारलं.

त्यांनी काडी माझ्यापुढे धरली. "तुम्हीच दखा."

मी ती ओठाला लावली. कोरडी होती. तरी एकदा पुन्हा लावून पाहिली.